मेपलचा चातुर्मास

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या नोव्हेंबरच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. टेबलावरचं झाड लांबून दिसायचं नाही. दीड फूटसुद्धा उंच नाही ते, पण या आठवड्यात त्याचा रंग बघण्यासारखा आहे. शेंड्याला शेंदरी, मधे केशरी, आणि आतली जी पानं उन्हाळाभर सावलीत राहिली ती पिवळीच. हात लावलात तरी चालेल, हळूच लावा. दोन-चार पानं पडतील, ती तशीही याच आठवड्यात पडायची आहेत.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'मेपलचं बोन्साय : बारा महिन्यांची निगा'. बारा महिने मी सांगणार आहे. पण सुरुवात हिवाळ्यापासून करते, कारण आपल्या लोकांची मेपलं हिवाळ्यात मरतात, आणि का मेली ते उन्हाळा आला तरी कळत नाही.

आधी एक विचारते. तुळशीचं लग्न नुकतंच झालं. ज्यांनी तुळस डेकवरून घरात आणली त्यांनी हात वर करा. सगळेच! आणायलाच हवी, बर्फात तुळस टिकत नाही. आता ज्यांच्याकडे मेपलचं बोन्साय आहे आणि तेही तुळशीबरोबर घरात आलंय, त्यांनी हात वर करा. एक, दोन... सहा. तुम्ही सहा जणांनी आज घरी गेलात की कपडे बदलायच्या आधी ती कुंडी उचलून बाहेर ठेवा. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी माझं आजचं काम झालं.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. आम्ही एडिसनला नवीन घर घेतलं त्या वर्षी एप्रिलमध्ये मी एका दुकानातून छोटं मेपल आणलं. करंगळीएवढं खोड, निळी चपटी कुंडी, आणि कुंडीला चिकटवलेली चिठ्ठी, 'घरात ठेवायचं बोन्साय'. त्या चिठ्ठीवर माझा राग अजून आहे. जपानी मेपल घरात ठेवायचं झाड नाही. ते जपानच्या, कोरियाच्या डोंगरउतारांवरच्या रानातलं झाड आहे, चारही ऋतू अंगावर घेणारं. पण तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. उन्हाळाभर ते डेकवर राहिलं म्हणून छान वाढलं.

सप्टेंबरात माझ्या सासूबाई वाईहून आल्या, सहा महिन्यांसाठी. अहो-आईंचा झाडांवर फार जीव. वाईच्या घरी परसात अनंत, पारिजातक, कढीलिंब, सगळं त्यांच्या हातचं. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी या मेपलचं पान तळहातावर ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "तान्ह्या बाळाचा पंजा आहे गं हा." मला नंतर वाचून कळलं की जपानी भाषेतही तान्ह्याच्या हाताला मोमिजीसारखा हात म्हणतात. मोमिजी म्हणजे मेपलच. त्याचं दुसरं नाव काएदे, ते मूळ 'काएरु-ते' या शब्दावरून आलं, बेडकाचा हात. आणि कार्ल पेटर थुनबर्ग नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, 'एसर पामाटम', म्हणजे पंजासारखं. वाईच्या बाईला, जपान्यांना आणि स्वीडनच्या माणसाला एकाच पानात हातच दिसला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणखी एक, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. काश्मीरचा चिनार म्हणजे मेपल नव्हे. पान सारखं दिसतं, पण झाड वेगळ्या कुळातलं. ओळखायचं कसं? डहाळी हातात घ्या. मेपलची पानं समोरासमोर जोडीने येतात, चिनारची एक इकडे एक तिकडे. ही जोडी लक्षात ठेवा, छाटणीला लागणार आहे.

तर ऑक्टोबर संपताना पानं लाल झाली. अहो-आई खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या घाटात कोशिंबीच्या झाडाला पालवी फुटते ती लाल असते. इथे झडताना लाल?" फार चांगला प्रश्न होता. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा उतरला की उघडा पडतो. लाल मात्र झाड शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतं, पानात अडकलेल्या साखरेतून. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण गोठण नाही, असा आठवडा मिळाला की लाल चढतो. म्हणून याची आतली, सावलीतली पानं पिवळीच राहिलीत बघा. कोशिंबीच्या कोवळ्या पानातलं लाल द्रव्यही याच जातीचं. तिथे ते कोवळ्या पानाला उन्हापासून सांभाळतं.

मग तुळशीचं लग्न झालं. मी कामावर होते. अहो-आईंनी तुळस आत आणली आणि शेजारचं मेपलही आणलं. संध्याकाळी मी आले तर दोन्ही कुंड्या बैठकीच्या खिडकीत, खाली हीटरचं व्हेंट. त्या म्हणाल्या, "कुडकुडत होतं बिचारं. अंगावर एक पान राहिलं नाही त्याच्या." मला ते पटलं. चिठ्ठीवरही तेच होतं ना, घरात ठेवायचं म्हणून.

आणि संक्रांतीला त्याला पालवी फुटली. बाहेर वीतभर बर्फ आणि आमच्या खिडकीत पोपटी पंजे उघडलेले. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईने त्याचं कौतुक केलं. अहो-आईंनी त्याची दृष्ट काढली. मी फोटो काढून पुण्याला दादाला पाठवले.

फेब्रुवारीत ती पानं वाढली, पण कशी? पातळ, फिकट, दोन पानांमधलं पेर उसासारखं लांब. मग ती लोंबायला लागली. मार्चमध्ये गळाली. एप्रिलमध्ये बाहेरच्या सगळ्या मेपलांना पालवी आली, मी आमचं झाड डेकवर ठेवलं आणि वाट बघितली. मेच्या मध्याला खोडावर नखाने ओरखडा काढला. साल खरवडून आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत. शेंड्याकडून सुरुवात केली आणि खाली येत गेले. मातीपर्यंत तपकिरी होतं.

अहो-आई तोवर वाईला परतल्या होत्या. फोनवर सांगितलं तर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी माया बाधली का गं त्याला?" त्या वाक्यामुळे मी या विषयाचा पिच्छा पुरवला. पुस्तकं वाचली, क्लबात गेले, म्हाताऱ्या जपानी-अमेरिकन मंडळींच्या मागे मागे फिरले. का मेलं ते मला त्यांना नीट सांगायचं होतं.

कारण असं आहे. उन्हाळाभर मेपल पानांतून जे कमावतं त्यातलं बरंचसं खोडात आणि मुळांत साठवतं. ही त्याची मुदत ठेव. पानं गळली की डोळे मिटतात, म्हणजे फांदीवरचे डोळे, ज्यातून वसंतात फुटवा येतो. ते नुसती ऊब मिळाली म्हणून उघडले तर जानेवारीतल्या एखाद्या उबदार आठवड्यात झाड फसेल आणि पुढच्या गोठणीत मरेल. म्हणून झाड थंडी मोजतं. किती तास गारठ्यात गेले याचा हिशोब डोळ्यांत चालतो. शून्य ते सात अंश सेल्सियसमधले साधारण हजार तास, असं बोन्साय करणारे ढोबळ धरतात. ते पुरे झाले की मगच ऊब म्हणजे वसंत.

आमचं झाड अर्धा हिशोब झाल्यावर आत आलं. अर्धवट झोपेतून उठवलेलं पोर कसं असतं, तसं ते उठलं. मुदतीआधी ठेव मोडली आणि सगळी पालवीवर खर्च केली. त्या पालवीने कमवायचं म्हटलं तर जानेवारीतल्या खिडकीत उजेड तो कितीसा? आणि खाली हीटरची कोरडी हवा. दोन महिन्यांत खोड रिकामं झालं. संक्रांतीची जी पालवी आम्ही सगळ्या बायकांनी बघितली, ती झाडाची शेवटची शिल्लक होती.

पुढच्या वर्षी अहो-आई परत आल्या, तेव्हा मी नवीन झाड घेतलं होतं आणि हे सगळं त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कार्तिकी एकादशीला देवपूजा झाल्यावर म्हणाल्या, "आपले देव आषाढीला निजतात आणि आज उठतात. तुझ्या झाडाचा चातुर्मास आज सुरू होतो. चल, निजवू त्याला." आम्ही दोघींनी कुंडी उचलून गॅरेजमध्ये नेली. हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही. पुढची सात वर्षं, इथे असल्या तर हाताने आणि वाईला असल्या तर फोनवरून, त्यांनी हा नेम पाळला. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

कार्तिकीपासून पाडव्यापर्यंत, हा मेपलचा चातुर्मास. निजवायचं कुठे, तर जिथे हीटर नाही अशा गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये. पानं नसली की उजेड लागत नाही, अंधार चालतो. उघड्यावर का नको? फांद्या वीस अंश उणे सहज सोसतात, पण मुळं नाही. जमिनीतल्या झाडाच्या मुळांवर मातीचं पांघरूण असतं. कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी वारा लागतो, आणि उणे दहाच्या आसपास ती दगावायला लागतात. गॅरेज नसेल तर घराच्या भिंतीला लागून, वारा येणार नाही अशा कोपऱ्यात कुंडी जमिनीत पुरा आणि वर पाचोळ्याचा जाड थर द्या. आणि पाणी! झोपलेल्या झाडालाही पाणी लागतं. दहा-बारा दिवसांनी माती बोटाने बघा, कोरडी वाटली तर थोडं द्या. गॅरेजमध्ये झाड गोठून मरण्यापेक्षा सुकून मरण्याची भीती जास्त.

इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी मनात एक प्रश्न असणार, मला माहीत आहे. झाडाला असं कुंडीत कोंबून, छाटून, तारा बांधून छळायचं कशाला? मी हा प्रश्न टाळत नाही. वामनवृक्षाला, म्हणजे बोन्सायला, उपाशी ठेवून बुटकं करतात हा समज खोटा आहे. त्याला जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त निगुतीने खत-पाणी मिळतं. छाटणी तर आपण जाई-जुईचीही करतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयाला १९७६ साली जपानने ५३ बोन्साय भेट दिली. त्यातला एक पाइन १६२५ पासून कुंडीत आहे. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा तो त्या शहरातच होता आणि वाचला. एकाच कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या त्याला पाणी घातलं. छळलेलं झाड चारशे वर्षं जगत नाही. आपल्या इथून गाडीने साडेतीन-चार तास लागतात, मुलांना घेऊन जा.

आणि संधी मिळाली तर ओमिया बघा, तोक्योच्या उत्तरेला. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात तोक्योतल्या बोन्साय करणाऱ्यांच्या बागा गेल्या. मोकळी जागा, चांगलं पाणी आणि स्वच्छ हवा शोधत ते ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी तिथे अख्खं गाव वसवलं. राहायचं तर अटी होत्या. घरी किमान दहा बोन्साय हवीत, दार येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडं हवं, कुंपण झाडांचं हवं, आणि घराला दुसरा मजला नको. मी नोव्हेंबरात गेले होते. तिथल्या एका अंगणात मांडीएवढ्या खोडाचं मेपल बघितलं. त्याची मुळं जमिनीशी वितळून एक झाल्यासारखी पसरलेली, जणू खोडाखाली मेण ओतलंय. त्या पसरलेल्या मुळांना ते 'नेबारी' म्हणतात आणि मेपल जोखताना आधी तिथेच बघतात, पानांकडे नंतर. मी तिथे अर्धा तास उभी होते. मालक बाहेर आले, त्यांनी काही न बोलता कुंडी फिरवून मागची बाजू दाखवली आणि...

बरं. चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत, पुढे नाट्यवाचन आहे. ओमिया राहू दे. बारा महिने मी कबूल केलेत, ते भराभर सांगते. लिहून घ्या.

गुढीपाडव्याच्या सुमाराला डोळे फुगून लाल दिसायला लागतात, पण उघडलेले नसतात. कुंडी बदलायची हीच वेळ. पानं उघडली की उशीर झाला. कोवळं झाड असेल तर दर दोन वर्षांनी, जुनं असेल तर तीन ते पाच वर्षांनी. मुळं काडीने विंचरा, खाली जाणारी जाड मुळं काढा, आडवी जाणारी चहूकडे पसरून ठेवा, त्यातूनच पुढे नेबारी होते. एकूण मुळांचा तिसरा हिस्सा कापला तरी चालतो. बागेतली माती अजिबात नको, ती चिखल होऊन बसते. आकादामा नावाची जपानी दाणेदार माती, प्यूमिस म्हणजे हलका सच्छिद्र दगड, आणि लाव्हा खडा, तिन्ही सारखे. निचरा झाला पाहिजे. झाड तारेने कुंडीला बांधा, हललं तर नवी मुळं तुटतात. मग दोन-तीन आठवडे कडक गोठणीपासून जपा.

एप्रिलमध्ये पानांची पहिली जोडी उघडते आणि मधून कोवळा शेंडा डोकावतो. तो चिमट्याने खुडा. रोज सकाळी बघावं लागतं, दोन दिवस चुकलात की पेर लांबलं. जपानी लोक याला 'मेत्सुमी' म्हणतात. खत मात्र पानं पक्की झाल्यावरच द्या. आधी दिलंत तर परत उसासारखी पेरं.

जूनमध्ये, ज्येष्ठात, झाड दणकट असेल तरच पानं काढायची. प्रत्येक जोडीतलं एक पान देठ ठेवून कापा. आत उजेड जातो, आतल्या बारीक डहाळ्या जगतात, नवी पानं छोटी येतात. त्याच वर्षी कुंडी बदलली असेल तर हे करू नका. एका वर्षी दोन शस्त्रक्रिया नकोत.

गुटी कलमाचाही हाच काळ. आपल्याकडे लिंबाला, डाळिंबाला गुटी बांधतात ना, तश्शीच. फांदीच्या जाडीच्या दीडपट रुंदीची साल गोल काढा, ओलं स्फॅग्नम शेवाळ गुंडाळा, वर प्लॅस्टिक. दोन महिन्यांत मुळं दिसतात. हे टेबलावरचं झाड तसंच केलंय, बारा वर्षांपूर्वी, शेजारच्या आजोबांच्या अंगणातल्या मेपलवर त्यांची परवानगी घेऊन. दुकानातलं लाल पानांचं मेपल बहुतेक दुसऱ्या खोडावर कलम केलेलं असतं आणि तो जोड जन्मभर दिसतो. गुटीला जोड नसतो.

तार बांधलीत तर ॲल्युमिनियमची आणि सहा आठवड्यांत काढा. मेपलची साल पातळ असते, तार रुतली तर वळ वर्षानुवर्षं जात नाही.

जुलै-ऑगस्टात अकरापर्यंतचं ऊन पुरे, नंतर सावली. पानांची टोकं करपली तर ऊन तरी जास्त झालंय नाहीतर पाण्यात क्षार तरी. पावसाचं पाणी साठवा. याच दिवसांत तो हिरवा-तांबूस चमकणारा जपानी भुंगेरा येतो. तो अमेरिकेत पहिल्यांदा सापडला १९१६ साली, आपल्याच न्यू जर्सीत रिव्हरटनला, इथून तासाभरावर. पहाटे गारव्यात तो सुस्त असतो, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

सप्टेंबरात नायट्रोजन कमी असलेलं खत. मोठी छाटणी पानगळ झाल्यावर. वसंतात मोठी फांदी कापली तर रस गळत राहतो. इथली माणसं शुगर मेपलमधून पाक काढतात तो त्याच दिवसांत, ते आठवा. समोरासमोरची जोडी असली की एक ठेवायची, एक काढायची, नाहीतर तिथे गाठ येते. कापाला मलम लावा. आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री स्पिरिटने पुसा. मेपलला व्हर्टिसिलियम नावाची बुरशी लागते, फांद्या एकेक करून वाळतात, आणि तिच्यावर औषध नाही.

पुणेकर नातेवाइकांबद्दल तेवढं सांगते, कारण दादा दर वर्षी मेपल मागतो. पुण्यात डिसेंबरात रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं, पण दुपारी तीसच्या जवळ जातं. तिथे मेपलचा चातुर्मास होत नाही. एक-दोन वर्षं ते कसंबसं तग धरतं, मग जातं. कृपा करून बॅगेतून नेऊ नका. मी दादाला उंबर लावायला सांगितलं. आठ वर्षांत त्याच्या उंबराला अशी मुळं आलीत की मला हेवा वाटतो. कोशिंबीचं रोप मिळालं तर तेही लावून बघ म्हटलंय. चैत्रात लाल पालवी बघायला मिळेल.

हो, दोनच मिनिटं. दाराशी टेबलावर कागदी पुड्या आहेत. त्यात आमच्या अंगणातल्या मेपलचं बी आहे, जोडपंखी, भिंगरीसारखं. प्रत्येकाने एक घ्या. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, ओलसर वाळूत घालून पिशवी बंद करा, तारीख टाका आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, कोथिंबिरीशेजारी. नव्वद ते एकशेवीस दिवस. बीलाही झोप लागते. आज ठेवलंत तर पाडव्याच्या आसपास मोड दिसेल. मुलांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी मोडाची मटकी समजून उसळ करायचं.

प्रश्न असतील तर मी बाहेर गाडीपाशी आहे. हे झाड आता न्यायला हवं. पाऊण तास आत राहिल्याने त्याचं काही बिघडत नाही, पण इथला हीटर चांगलाच तापलाय, आणि त्याची झोपायची वेळ झाली आहे. जरा दार धरता का कुणी?